ट्रायल रन झाली, स्टेशनवर दिवे लागले, मग मेट्रो सुरू का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कासारवडवलीत भाड्याने राहतो, नोकरी विक्रोळीला. सप्टेंबर २०२५ मध्ये मेट्रो ४ ची ट्रायल झाली. बाल्कनीतून गाडी जाताना दिसते, रात्री स्टेशनवर दिवे असतात, तरी सेवा सुरू होत नाही. भाडेकरार संपत आलाय. मेट्रोच्या भरवशावर इथेच राहावं, की ठाणे स्टेशनजवळ जावं? जुनी कार विकून टाकू का?"

मेट्रोच्या चाचण्या आणि प्रणाली जुळवणी हे माझं काम, म्हणून त्याच बाजूने उत्तर देतो. तुम्ही एक तारीख विचारताय, पण तुमच्यासाठी तारखा तीन आहेत. पहिली, मार्गिकेचा पहिला टप्पा सुरू होण्याची. दुसरी, तुमचं स्टेशन उघडण्याची. तिसरी, गाडी विक्रोळीपर्यंत पोहोचण्याची. पेपरात पहिलीच छापून येते, तुमचा निर्णय मात्र दुसरी आणि तिसरीवर अवलंबून आहे.

मेट्रो ४ म्हणजे वडाळा ते कासारवडवली, सुमारे ३२ किलोमीटर, ३० स्थानकं. पुढे गायमुखपर्यंतची ४अ धरली की आणखी दोन. पहिल्या टप्प्यात ठरलंय ते गायमुख ते कॅडबरी जंक्शन, १० स्थानकं, साडेदहा किलोमीटर. या टप्प्यात विक्रोळी नाही आणि ठाणे रेल्वे स्टेशनही नाही. म्हणजे उद्या सकाळी सेवा सुरू झाली तरी तुम्हाला कॅडबरीला उतरून रिक्षा किंवा टीएमटीची बस पकडून ठाणे स्टेशन गाठायचंय आणि तिथून लोकल.

याचा हिशेब आधीच करून बघू, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरेल. घरातून स्टेशनपर्यंत चालत ७ मिनिटं, जिना आणि सुरक्षा तपासणी ४, गाडीची सरासरी वाट ६, कासारवडवली ते कॅडबरी साधारण १४, खाली उतरायला ३, गर्दीच्या वेळी रिक्षेने ठाणे स्टेशन १८, लोकलची वाट ५, धीम्या लोकलने विक्रोळी १५. झाली ७२ मिनिटं, आणि विक्रोळी स्टेशन ते ऑफिस वेगळं. आज तुम्हाला दीड-पावणेदोन तास लागत असतील तर फायदा आहे, पण "मेट्रो झाली की अर्ध्या तासात ऑफिस" हे बिल्डरच्या जाहिरातीतलं गणित पहिल्या टप्प्याला लागू होत नाही.

आता ट्रायलविषयी. "ट्रायल रन" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हार-फुलं लावून, झेंडा दाखवून होते ती पहिली. विद्युत प्रवाह सोडलेल्या एखाद्या तुकड्यावर एक गाडी कमी वेगात नेऊन आणतात. ठाण्यात २२ सप्टेंबर २०२५ ला झाली ती हीच, गायमुख ते विजय गार्डन या चार स्थानकांवर. रूळ जोडलेले आहेत, वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत आणि गाडी फलाटाला घासत नाही, एवढंच तिने सिद्ध होतं. या दिवसापासून शेवटची फेरी सुरू होते, लोकांना मात्र वाटतं की ती संपली.

दुसरी ट्रायल आरडीएसओची. लखनौची ही रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था गाडी आणि मार्ग यांची जोडी तपासते. डब्यांत वाळूची पोती भरतात, एका प्रवाशामागे ६५ किलो धरून. सहा डब्यांच्या गाडीत १,८०० माणसं धरली तर ११७ टन वाळू होते. मग रिकामी गाडी, भरलेली गाडी, सरळ रूळ, वळण, कोरडे रूळ, ओले रूळ अशा सगळ्या परिस्थितींत डब्याचं हेलकावणं आणि आपत्कालीन ब्रेकचं अंतर मोजतात. ताशी ८० वरून गाडी साधारण दोनशे मीटरच्या आसपास थांबायला हवी. चाचणीचा वेग प्रत्यक्ष सेवेच्या वेगापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास जास्त ठेवतात. सगळं जमलं की वेगाचं प्रमाणपत्र मिळतं.

तिसरी ट्रायल कोणाच्या नजरेत भरत नाही, पण तुमच्या कामाची तीच. प्रवासी न घेता पूर्ण वेळापत्रक चालवायचं. सगळ्या गाड्या एकाच वेळी मार्गावर, ठरलेल्या अंतराने, प्रत्येक स्टेशनवर दारं उघडत, घोषणा करत. बाल्कनीतून दिसणारी एकच गाडी दिवसातून चार-सहा वेळा ये-जा करत असेल तर अजून अवकाश आहे. दर आठ-दहा मिनिटांनी दोन्ही दिशांनी गाड्या, सकाळपासून रात्रीपर्यंत, आठवडाभर सलग दिसल्या, तर दिवस जवळ आलेत असं समजा.

पहिली आणि तिसरी ट्रायल यांच्यामध्ये वेळ जातो तो मुख्यतः सिग्नलमध्ये. आजच्या मेट्रोत रुळाशेजारी लाल-हिरवे दिवे नावापुरतेच असतात. गाडी रेडिओवरून आपली जागा कळवत राहते आणि संगणक तिला किती पुढे जायची मुभा आहे ते सांगतो. या संगणकाची आज्ञावली सुरक्षेची मानली जाते, त्यामुळे तिच्यात एक ओळ बदलली तरी "बदललं, चालतंय" म्हणून पुढे जाता येत नाही. समजा फलाटावरची दारं आणि गाडीची दारं उघडण्यात अर्ध्या सेकंदाचा फरक सापडला. दुरुस्त आवृत्ती तयार होते, तिचा परिणाम आणखी कुठे होतो ते कागदावर तपासतात, स्वतंत्र सुरक्षा परीक्षक ते वाचतात आणि मग आधी पास झालेल्या चाचण्यांपैकी बऱ्याच पुन्हा घ्याव्या लागतात. अशा प्रत्येक फेरीला मी साधारण महिना धरतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या तर त्यात गैर काही नाही, सात-आठ झाल्या तर मात्र नियोजनात खोट आहे.

त्यात जागेची भांडणं. वरच्या तारेत वीज असताना रुळांच्या जवळ कोणालाही काम करता येत नाही. फलाटाच्या कडेची फरशी बसवायची, छताचा पत्रा लावायचा, केबल ओढायची, तर वीज बंद करून लेखी परवाना घ्यावा लागतो, आणि तेवढा वेळ गाडीची चाचणी बंद. एका दिवसाचे चोवीस तास स्टेशनचा कंत्राटदार, रुळवाले, वीजवाले आणि सिग्नलवाले यांच्यात वाटले जातात. म्हणून भर दिवसा फलाटाच्या कडेला कामगार दिसले तर त्या वेळी गाडी धावत नाहीये हे नक्की. असं रोज दिसत असेल तर स्टेशनचं काम चाचणीचे तास खातंय.

(जाता जाता: २५ हजार व्होल्टच्या तारेजवळ संक्रांतीला पतंग उडवू नका. ओला किंवा धातूची पूड लावलेला मांजा तारेला लागला तर उडवणाऱ्याच्या हातापर्यंत वीज येऊ शकते.)

मेट्रो ४ च्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, डेपोची. ४, ४अ आणि पुढच्या १०, ११ या मार्गिकांचा डेपो मोघरपाड्याला नियोजित आहे. डेपो म्हणजे गाड्या लावायची जागा एवढंच लोकांना वाटतं. खरं तर गाडीखाली उतरून तपासायचे खड्डे, चाकं तासायचं यंत्र, धुण्याची सोय, सुटे भाग आणि बहुधा नियंत्रण कक्षही तिथेच असतो. डेपो पूर्ण नसताना मार्गिका चालवता येते, नाही असं नाही. एखाद्या टोकाला रुळाखाली तात्पुरता तपासणी खड्डा करायचा, रात्री गाड्या मार्गावरच उभ्या करायच्या. पण मग किती गाड्या सांभाळता येतील याला मर्यादा येते आणि ती मर्यादा थेट तुमच्या फलाटावरच्या वाट पाहण्यात उतरते.

हे गणित सोपं आहे, स्वतः करून बघा. साडेदहा किलोमीटर, थांबे धरून सरासरी ताशी ३३, म्हणजे एका बाजूला १९ मिनिटं. जाऊन-येऊन ३८, दोन्ही टोकांना वळायला चार-चार, एकूण ४६. दर आठ मिनिटांनी गाडी हवी तर ४६ भागिले ८, म्हणजे सहा गाड्या मार्गावर लागतात. एक राखीव, एक दुरुस्तीत, अशा आठ हव्यात. मार्गावर चारच असतील तर बारा मिनिटांनी गाडी येईल, तीन असतील तर सुमारे पंधरा. बातमीत "इतक्या गाड्या दाखल" असा आकडा आला की त्यातून दोन वजा करा आणि ४६ ला उरलेल्या आकड्याने भागा. वर हिशेबात सरासरी वाट सहा मिनिटं धरली ती बारा मिनिटांच्या अंतराने.

एवढं झाल्यावर कागदांचा टप्पा. मेट्रो रेल्वे (संचालन आणि देखभाल) कायदा, २००२ च्या कलम १४ आणि १५ नुसार मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या, म्हणजे सीएमआरएसच्या अहवालाशिवाय प्रवासी वाहतूक सुरू करता येत नाही. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतात. बांधणाऱ्यानेच तपासणाऱ्यावर दबाव आणू नये म्हणून ही रचना. तपासणी दोन-चार दिवसांची, पण तिच्यासाठी अर्ज करताना सोबत गठ्ठा लागतो: आरडीएसओचं वेगाचं प्रमाणपत्र, डब्यांना रेल्वे बोर्डाची मंजुरी, विद्युत निरीक्षकाची परवानगी, सिग्नलच्या सुरक्षेचं स्वतंत्र प्रमाणपत्र, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, प्रत्येक लिफ्टचा परवाना, चालक आणि स्टेशन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची नोंद. यातलं सगळ्यात क्षुल्लक वाटणारं कागदच बऱ्याचदा शेवटी अडतं. एका लिफ्टचा परवाना नाही म्हणून स्टेशनचा एक दरवाजा बंद ठेवावा लागतो, अपंग प्रवाशांचा मार्ग तोच असेल तर अख्खं स्टेशन.

आयुक्त क्वचितच सरळ हो किंवा नाही म्हणतात. अटी घालतात. काही अटी सुरू करण्याआधी पूर्ण करायच्या, काही नंतर ठरावीक मुदतीत. "सीएमआरएसची मंजुरी मिळाली" ही बातमी वाचून लगेच सुटीचा अर्ज टाकू नका. आधीच्या अटी किती आहेत त्यावर दोन आठवडे की दोन महिने हे ठरतं.

नंतर उद्घाटन. इथे तंत्रज्ञान संपतं आणि माझं ज्ञानही. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २६ सप्टेंबर २०२४ ला सुरू व्हायचा होता, पावसामुळे पंतप्रधानांचा दौरा रद्द झाला आणि २९ तारखेला तो ऑनलाइन झाला. तीन दिवसांवर निभावलं. नवी मुंबईची बेलापूर–पेंधर मार्गिका मात्र शेवटी औपचारिक उद्घाटनाविनाच १७ नोव्हेंबर २०२३ ला खुली केली.

आता तुम्हाला हवा तो आकडा. झेंडा दाखवलेल्या ट्रायलपासून प्रवासी सेवेपर्यंत आपल्याकडे किती महिने गेले ते बघा. वर्सोवा–घाटकोपर: १ मे २०१३ ते ८ जून २०१४, तेरा महिने. मेट्रो २अ आणि ७: ३१ मे २०२१ ते २ एप्रिल २०२२, दहा महिने, तेही फक्त पहिल्या टप्प्याला. उरलेला भाग जानेवारी २०२३ मध्ये. पुण्यात वनाझची ट्रायल ३० जुलै २०२१ ला आणि सेवा ६ मार्च २०२२ ला, सात महिने. भुयारी मेट्रो ३: ३० ऑगस्ट २०२२ ते ७ ऑक्टोबर २०२४, पंचवीस महिने, आणि कफ परेडपर्यंत पोहोचायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. नवी मुंबईची पहिली ट्रायल सप्टेंबर २०१९ ची, म्हणजे चार वर्षांहून जास्त.

मेट्रो ३ भुयारी आहे. धूर बाहेर काढायची व्यवस्था, पाणी उपसणं, भुयारातून प्रवाशांना बाहेर काढायचा सराव, अशा चाचण्या उन्नत मार्गाला लागत नाहीत, म्हणून ती उदाहरणातून वगळा. नवी मुंबईही टोकाचं उदाहरण आहे. उरलं सात ते तेरा. मेट्रो ४ ची डेपोची अडचण बघता मी तेरा महिन्यांच्या बाजूला झुकेन, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून मोजलं तर ऑक्टोबर २०२६. आधी झाली तर आनंद आहे, पण नियोजन या तारखेवर करा. विक्रोळीची तारीख यात धरू नका, तो पुढच्या टप्प्यांचा विषय. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, २९ किलोमीटर, २२ स्थानकं. आजच्या घराच्या निर्णयात तिला शून्य किंमत द्या.

दुसऱ्या तारखेचं, तुमच्या स्टेशनचं, राहिलं. मार्गिका सुरू झाली म्हणजे सगळी स्टेशनं उघडतीलच असं नाही. पुण्यात रुबी हॉल–रामवाडी मार्ग ६ मार्च २०२४ ला सुरू झाला, पण येरवडा स्टेशन जिन्याच्या प्रश्नामुळे २१ ऑगस्टला उघडलं. साडेपाच महिने गाड्या न थांबता पुढे जात होत्या. तेव्हा रविवारी खाली उतरून स्वतः बघून या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिने उतरलेत का? लिफ्टच्या खोबणीत नुसता सांगाडा आहे की काचा लागल्यात? जिना पदपथावर उतरतो की पत्र्यांच्या आड? नावाच्या पाट्यांवरचं प्लॅस्टिक निघालंय का? आत तिकिटाची फाटकं बसवून त्यांत दिवा आहे का? रस्त्यावरचे पत्रे हटवले का? रात्रीच्या दिव्यांना आणि रंगवलेल्या खांबांना काही अर्थ नाही. दिवे पहारेकऱ्यासाठीही लावतात.

भाड्याच्या घराचं सांगायचं तर मेट्रोच्या नावाखाली वाढीव भाडं आत्ता देऊ नका. अकरा महिन्यांचा करार करा, पण लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) तीन महिन्यांपेक्षा जास्त नको आणि नोटीस एक महिन्याची. रोज लोकलने विक्रोळी गाठायचीच असेल आणि भाड्यातला फरक तुम्हाला झेपत असेल, तर ठाणे स्टेशनच्या चालत्या अंतरावरचं घर पहिल्या टप्प्यानंतरही वेळेच्या हिशेबात जिंकेल, कारण रिक्षेची ती अठरा मिनिटं मेट्रो वाचवत नाही. मुलांची शाळा घोडबंदरलाच असेल तर मात्र हा सगळा हिशेब उलटतो, ते तुम्हीच ठरवायचं.

कार इतक्यात विकू नका. सेवा सुरू झाल्यावरही पहिले दोन आठवडे मोजू नका, तेव्हा हौशी गर्दी असते आणि दारं अडकण्यासारखे बिघाडही तेव्हाच जास्त. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोज घरापासून ऑफिसपर्यंतची वेळ लिहून ठेवा. वीस दिवसांपैकी सोळा दिवस कारपेक्षा कमी किंवा तेवढाच वेळ लागला तर विका.

आणि वाट बघण्याऐवजी विचारायचं असेल तर माहितीचा अधिकार आहे. ही मेट्रो बांधणाऱ्या एमएमआरडीएच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत तीस दिवस. "मेट्रो कधी सुरू होणार" असं विचारलंत तर "काम प्रगतिपथावर आहे" एवढंच येईल, कारण कायद्याने त्यांना अंदाज सांगायची सक्ती नाही, असलेला कागद द्यायची आहे. म्हणून कागद मागा: मेट्रो ४ व ४अ साठी आरडीएसओचं वेगाचं प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख व प्रत, सीएमआरएसकडे तपासणीसाठी केलेल्या अर्जाची तारीख, तपासणी झाली असल्यास अटींची यादी, पहिल्या टप्प्यात न उघडणाऱ्या स्थानकांची किंवा प्रवेशद्वारांची नावं.

आरडीएसओचं प्रमाणपत्रच नाही असं उत्तर आलं तर करार पूर्ण अकरा महिन्यांचा करून निवांत राहा. प्रमाणपत्र आहे पण सीएमआरएसकडे अर्ज नाही, तर निदान चार महिने धरा. तपासणी होऊन अटींची यादी हातात आली, तर ती यादी इथे टाका, कोणती अट किती वेळ खाईल ते सांगतो.